पांढऱ्या सदऱ्यावर भोवऱ्याची घडी

आपल्या समाजात पांढऱ्या कपड्याला मोठा मान आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून आली होती. तेव्हापासून चौदा एप्रिल असो, बुद्धपौर्णिमा असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, घरातल्या लहानथोरांसाठी एक तरी पांढरा कपडा घेतला जातो. गरिबातले गरीब कुटुंबही त्यासाठी चार पैसे बाजूला ठेवते.

पण कष्टकऱ्याच्या घरात पांढरा सदरा किती दिवस पांढरा राहणार? वरणाचा डाग पडतो, सायकलच्या साखळीचे वंगण लागते, काखेत पिवळे पडते. नीळ जास्त झाली की ढगासारखे निळे डाग उमटतात. कापड मात्र अजून धड असते, शिवण उसवलेली नसते. असा सदरा फेकवत नाही आणि घालवतही नाही. मग तो ट्रंकेच्या तळाशी जातो, नाहीतर फरशी पुसायला निघतो.

अशा सदऱ्यांचे काय करावे याचे एक उत्तर आमच्या अंबडच्या मुलींनी शोधले. ते वाचक भगिनींना सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे. मी एका कार्यालयात कारकून आहे. दिवसभर जावक-आवक आणि खतावणी यांत जाते, आणि रविवारी विहारात मुली-महिलांचा वर्ग घेते. शिवण, हिशेब, अर्ज कसा लिहावा असे विषय असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींनी हट्ट धरला, "ताई, टीव्हीतल्या पोरांसारखा गोल गोल रंगाचा शर्ट करायचा." एका मुलीची मामेबहीण पुण्याला कलाशिक्षकाचा अभ्यासक्रम करते. ती चार दिवस आली आणि तिने शिकवले. पुढे आम्हीच करून करून हात बसवला.

बांधून रंगवणे हे आपलेच

अनेकांना वाटते की हा प्रकार परदेशातून आला. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात तरुण पिढीने असे शर्ट डोक्यावर घेतले आणि १९६९ च्या वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवामुळे ते जगभर पोचले, हे खरे. परंतु कापड बांधून रंगवण्याची कला फार जुनी आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील भित्तिचित्रे जवळपास दीड हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्यांतल्या काही स्त्रियांच्या अंगावर ठिपक्यांच्या बांधणीचे कापड दिसते, असे जाणकार सांगतात. विहाराची सहल अजिंठ्याला गेली तर मुलींना बुद्धचरित्राबरोबर हे कापडही दाखवावे. ज्यांनी ते विणले, बांधले आणि रंगवले त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत, त्यांचे काम मात्र भिंतीवर टिकले आहे.

सातव्या शतकातील बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'तही राजकन्येच्या लग्नासाठी बांधून रंगवलेल्या वस्त्रांचे वर्णन आहे. आजही कच्छमध्ये आणि जामनगरला बाया करंगळीचे नख वाढवून त्याच्या टोकावर कापड उचलतात आणि दोऱ्याचे वेढे देऊन बारीक गाठ मारतात. एका ओढणीत अशा हजारो गाठी असतात. राजस्थानात लहरिया करतात. त्यात कापड एका कोपऱ्यापासून तिरपे गुंडाळून जागोजागी बांधतात, म्हणून उलगडल्यावर तिरप्या लाटा दिसतात. जपानमध्ये नागोयातल्या अरिमात्सु भागात सतराव्या शतकापासून हे काम चालते आणि तिकडे त्याला शिबोरी म्हणतात. आफ्रिकेत नायजेरियातल्या योरुबा स्त्रिया निळीत बुडवून 'आदिरे' कापड करतात. इंग्रजीतला रुमालाचा 'बंडाना' हा शब्दही आपल्याकडच्या 'बांधनू'वरूनच गेला आहे.

या सगळ्यांतले तत्त्व एकच आहे. जेथे कापड घट्ट दाबले जाते तेथे रंग पोचत नाही. म्हणजे नक्षी ठरते ती बांधण्यातून आणि घडीतून. रंग नंतर येतो.

कापड आणि सोडा

पहिली गोष्ट, कापड शुद्ध सुती हवे. आमच्या वर्गातल्या एका मुलीने भावाचा टेरीकॉटचा शर्ट आणला होता. सगळी मेहनत सारखीच, पण धुतल्यावर तिच्या शर्टावर नुसती फिकट झाक उरली. टेरीकॉटमध्ये पॉलिस्टर असते आणि ते हा रंग धरत नाही. सुती शर्टाची शिवणसुद्धा पुष्कळदा पॉलिस्टर दोऱ्याची असते. त्यामुळे बाकी शर्ट रंगला तरी शिवण पांढरीच राहते. तो दोष समजू नये.

नवे कापड असेल तर गरम पाण्यात साबणाने धुऊन खळ काढावी. जुन्या सदऱ्याचे तेलकट डाग आधी काढावेत, कारण तेलावरही रंग बसत नाही.

दुसरी गोष्ट सोड्याची. खाण्याचा सोडा चालत नाही, धुण्याचा सोडा लागतो. लिटरभर पाण्याला ५० ते ६० ग्रॅम घेऊन त्यात सदरा अर्धा तास भिजवावा आणि पिळून काढावा. थंड पाण्यात बसणारे जे रिॲक्टिव्ह रंग मिळतात, ते सोड्यामुळे कापसाच्या धाग्याशी कायमचे जोडले जातात. म्हणून ते धुऊन जात नाहीत. असे रंग 'प्रोशिऑन' या नावाने प्रथम बाजारात आले ते १९५६ साली. त्याआधी पक्क्या रंगासाठी बहुधा कापड उकळावे लागे.

सदरा ओलसर हवा, निथळता नको. फार ओला असला तर रंग पसरतो आणि फार कोरडा असला तर चुण्या हातात राहत नाहीत.

घडी कशी घालावी

आता मुख्य काम. पाटावर किंवा फरशीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर सदरा उताणा पसरावा. हाताने सगळ्या सुरकुत्या काढाव्यात. भोवऱ्याचा मध्य कोठे हवा ते ठरवावे. सर्वसाधारणपणे छातीच्या मधोमध, गळ्याखाली वीतभर अंतरावर घेतात. खांद्याजवळ किंवा पोटावर घेतला तरी छान दिसतो.

मध्यावर अंगठा आणि दोन बोटांनी कापडाची चिमूट धरावी. समोरचा आणि पाठीचा असे दोन्ही पदर चिमटीत आले पाहिजेत. काही जण जेवणाचा काटा रोवून फिरवतात, आम्ही कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा वापरतो. आता चिमूट एकाच दिशेने हळूहळू फिरवायची. कापड आपोआप निऱ्यांसारखे उभे राहू लागते. दुसऱ्या हाताच्या तळव्याने ते सारखे खाली दाबत राहायचे. घाई केली की मधले कापड दोरीसारखे पिळते आणि वर येते. तसे झाले की सोडून पुन्हा सुरू करावे.

निऱ्यांची उंची बोटभर, फार तर दीड बोट ठेवावी. एखादी मोठी निरी उभी राहिली तर तिच्या मधोमध बोट दाबून तिच्या दोन कराव्यात. मोठ्या निरीच्या पोटात रंग शिरत नाही आणि तेथे पांढरा पट्टा राहतो. बाह्या आणि खालचा घेर शेवटी उरतात. तेही त्याच दिशेने गुंडाळून कडेला लावून घ्यावेत. शेवटी भाकरीएवढी, सगळीकडे सारख्या जाडीची चपटी चकती तयार झाली पाहिजे. ती उलटून खालची बाजू पाहावी. वर जशा निऱ्या आहेत तशाच खाली दिसल्या की घडी जमली.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. वर्गात सर्वांत सुबक घडी जमली ती आमच्या गल्लीतल्या सत्तरीच्या आजींना. मुली तीन-तीन वेळा सोडून परत करत होत्या. आजी बाजूला बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आगं, ही तर चुंबळ झाली की." त्यांनी सदरा ओढून घेतला आणि दोन मिनिटांत चकती करून पुढे ठेवली. लहानपणापासून डोक्यावर चुंबळ ठेवून त्यांनी विहिरीचे पाणी वाहिले, बांधकामावर घमेली उचलली, आणि लुगड्याच्या निऱ्या तर रोजच्याच. त्यांच्या हातांना कापड कसे वळते हे माहीत होते. त्या दिवसापासून मुली "चुंबळ घाला" असेच म्हणू लागल्या.

चकतीवर रबर चढवायचे. तीन रबरे एकमेकांना मध्यावर छेदतील अशी घातली की केकच्या तुकड्यांसारखे सहा भाग पडतात, चार घातली की आठ. बाजारातली रबरे तुटतात, म्हणून आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कड्या कापून घेतो. सायकलवाला त्या फुकट देतो. सुतळीही चालते. मात्र बांधताना चकती वाकडी होता कामा नये आणि सगळी रबरे बरोबर मध्यावरूनच गेली पाहिजेत.

बटणाच्या सदऱ्याला थोडी वेगळी तऱ्हा लागते. बनियन किंवा टी-शर्ट सगळीकडे सारखा असतो. सदऱ्याला कॉलर, खिसा आणि बटणपट्टी असते. तेथे कापड दुहेरी-तिहेरी असल्याने निरी जाड होते. आम्ही सगळी बटणे लावून घेतो, कॉलर उभी करतो आणि मध्य पाठीवर घेतो. पाठीवर भोवरा पूर्ण उमटतो आणि पुढे त्याचे पंख येतात. पुढेच हवा असेल तर पट्टी सोडून खिसा नसलेल्या बाजूला मध्य घ्यावा.

भोवरा का उमटतो?

एका मुलीने विचारले, "ताई, रंग तर आपण सरळ तुकड्यांत घालतो, मग तो गोल कामून फिरतो?" प्रश्न चांगला होता. चिमूट फिरवताना मध्याजवळचे कापड सर्वांत जास्त फिरते आणि कडेचे कमी. त्या स्थितीत आपण मध्यापासून कडेपर्यंत सरळ पट्टा रंगवतो. सदरा उलगडला की जे जास्त फिरले होते ते जास्त मागे जाते आणि कडेचे कमी मागे जाते. म्हणून सरळ पट्टा वाकून भोवऱ्याची पाकळी होते. आम्ही रुमालावर पेनाने रेघ ओढून हे करून पाहिले. आठवीच्या मुलीलाही ते समजले.

हीच घडी थोडी बदलून इतर प्रकार होतात. सदरा आधी उभा मधोमध दुमडून मग चुंबळ घातली तर डावी-उजवी बाजू आरशासारखी सारखी येते. दोन ठिकाणी मध्य धरून दोन लहान चुंबळी घातल्या तर दोन भोवरे येतात. मध्य न फिरवता नुसता छत्रीसारखा वर ओढून अंतराअंतरावर रबर बांधले तर एकात एक वर्तुळे येतात. आणि खालच्या कोपऱ्यापासून तिरप्या सारख्या निऱ्या घालून लांब दोरीसारखे बांधले तर लहरियासारख्या लाटा.

रंग, हात आणि पाणी

कपभर साध्या पाण्याला दोन चहाचे चमचे रंगाची पूड पुरते. सोडा कापडात आहेच, म्हणून बाटलीत घालू नये. सोडा मिसळलेला रंग काही तासांत निकामी होतो. झाकणाला छिद्र पाडलेल्या बाटलीने एकेक भाग रंगवावा. बाटलीचे तोंड निऱ्यांच्या फटीत थोडे घालावे. मग चकती उलटून मागच्या त्याच भागाला तोच रंग द्यावा.

पिवळा, लाल आणि निळा एवढे तीनच रंग घ्यावेत. पिवळा-लाल शेजारी आले की मध्ये नारिंगी होतो, लाल-निळ्याचा जांभळा, निळ्या-पिवळ्याचा हिरवा. मात्र हिरव्याशेजारी लाल किंवा जांभळ्याशेजारी पिवळा आला तर चिखलाचा रंग होतो. मुलींच्या चटकन लक्षात आले की निळा, पिवळा, लाल, मध्ये उमटणारा नारिंगी आणि रबराखाली राहणारा पांढरा मिळून पंचशील ध्वजाचे पाचही रंग होतात.

रंगवलेली चकती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर ठेवावी. आमच्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ऊब वेगळी द्यावी लागत नाही, फक्त कापड वाळता कामा नये. ओल टिकावी म्हणून जाणकार रंगात थोडा युरिया घालतात, तोच शेतात टाकतो तो.

माता-भगिनींनी एक काळजी घ्यावी. या रंगाची पूड श्वासात गेली तर काहींना दम्यासारखा त्रास जडतो. म्हणून पूड कालवायचे काम मोठ्यांनी, नाकातोंडाला ओला रुमाल बांधून, पंखा बंद करून करावे. लेकरांना दूर ठेवावे. सोड्याने हात सोलतात, म्हणून हातमोजे हवेतच. स्वयंपाकाची भांडी या कामाला घेऊ नयेत. सुटा, बिननावाचा रंग आणू नये. काही जुन्या स्वस्त रंगांतून कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये निघतात. अशा ॲझो रंगांवर जर्मनीने १९९४ साली बंदी घातली आणि पुढे आपल्या देशातही बंदी आली.

धुण्याला पाणी फार लागते, आणि आम्ही अंबडकर पाण्याची किंमत जाणतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने टँकरची वाट पाहत दिवस काढले. म्हणून आम्ही सगळे सदरे एकाच दिवशी धुतो. तीन बादल्या ओळीने ठेवायच्या. रबर न काढता पहिल्या बादलीत थंड पाण्याने वरचा रंग काढायचा, मग रबर कापून दुसरीत, शेवटी तिसरीत गरम पाणी आणि साबण. पुढच्या सदऱ्यांना दुसरीचे पाणी पहिलीत घ्यायचे. उरलेले पाणी संडासात टाकायचे. शेतात, झाडाला किंवा विहिरीजवळ टाकू नये. सोड्याच्या पाण्याने काळी जमीन चोपण होते हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. आपण घालतो त्यांतले पुष्कळ बनियन आणि टी-शर्ट तमिळनाडूच्या तिरुपूरहून येतात. तेथे रंगाच्या पाण्याने नोय्यल नदी नासली आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला रंगकामाचे कारखाने बंद करण्याचा आदेश द्यावा लागला.

पांढऱ्याला रंग लावावा का?

हा प्रश्न आमच्या विहारात निघाला आणि त्यावर चांगली चर्चा झाली. ज्या आजींनी चुंबळ शिकवली त्यांनीच दुसऱ्या रविवारी वंदना झाल्यावर विचारले, "दीक्षेचा पांढरा कपडा हाय तो. त्याला रंग कामून लावता पोरींनो? आम्ही एक वेळ उपाशी राहून पांढरं लुगडं घेतलं होतं." मुली गप्प झाल्या. एक तरुण म्हणाला, "आजी, पांढरं मनानं राहायचं असतं." आजींना ते पटले नाही, आणि मलाही तेवढे उत्तर पुरेसे वाटले नाही. ज्या पिढीला स्वच्छ कपडा घातला म्हणून गावात बोलणी खावी लागली, तिच्यासाठी तो सदरा म्हणजे माणूस म्हणून मिळालेला मान आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना नीटनेटके कपडे घालण्याविषयी मुद्दाम सांगितले होते, ते उगीच नाही.

शेवटी असे ठरले की घरातला चांगला पांढरा सदरा पांढराच राहील. डाग पडलेला, परिधान करण्याजोगा न उरलेला तेवढाच रंगवायचा आणि त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचे. आजी म्हणाल्या, "फरशी पुसण्यापरीस ते बरं." मुलींनीही ते मानले.

घडीची मजुरी

गावात बातमी पसरली आणि बाहेरगावचा एक व्यापारी आला. तो कोरे टी-शर्ट देणार, बायांनी घरी घड्या घालून, रंगवून, धुऊन द्यायचे. दर त्याने नगावर सांगितला. बाया तयारही झाल्या. मी म्हटले, आधी घड्याळ लावू. एका टी-शर्टाला भिजवणे, घडी, बांधणे, रंग, धुणे, वाळवणे आणि इस्त्री मिळून हाताचा किती वेळ जातो ते तीन बायांनी वहीत लिहिले. दर नगाला पाऊण तासाच्या आसपास भरला. त्यात पाणी, इंधन, रबर, हातमोजे आणि खराब निघणारे नग धरले, तर दिवसभर राबून शेतातल्या निंदणीच्या मजुरीच्या निम्मेही हाती येत नव्हते. व्यापाऱ्याने "घरबसल्या फावल्या वेळचं तर काम आहे" म्हटले आणि दर वाढवला नाही. बायांनी नाही सांगितले.

बी.कॉम.ला आम्हाला शिकवले होते की परिव्ययात मजुरी धरली नाही तर नफा खोटा दिसतो. घरातल्या बाईच्या कामाचे नेमके हेच होते. तिचा वेळ 'फावला' म्हणायचा आणि तो शून्याने मांडायचा. कच्छमध्येही बांधणीच्या बायांना गाठी मोजून मजुरी मिळते आणि ओढणी दुकानात कितीतरी पट भावाने विकली जाते.

पुढे एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तीस टी-शर्टांचे काम मुलींना मिळाले. त्यांनी स्वतः दर काढला, मजुरी वेगळी मांडली, आगाऊ रक्कम घेतली आणि पावती दिली. दोघींनी त्या पैशातून बारावीच्या परीक्षेची फी भरली. रक्कम फार मोठी नव्हती. पण दर त्यांनी स्वतः ठरवलेला होता आणि समोरच्याने तो कबूल केला होता.

एक सूचना बंधूंनाही. घडी घालायला मुलगे हौसेने बसतात आणि धुवायच्या वेळी उठून जातात. आमच्या वर्गात नियम आहे, जो रंगवील तो धुईल. बादल्याही त्यानेच घासायच्या. घरोघरी हा नियम लावण्यास हरकत नाही.

रंगवलेला सदरा पहिल्या तीन-चार वेळा वेगळा धुवावा आणि सावलीत उलटा वाळवावा. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी आधी जुन्या सुती रुमालावर चुंबळ घालून हात बसवावा. रुमालाला रंग थोडा लागतो, आणि बिघडला तरी तो रुमाल रुमालच राहतो.